दोनदा तोललेली गोधडी

सरकून बसा मंडळी, पुढे जागा आहे. खांबाला टेकलेल्यांनी खांब सोडू नये, झोप लागेल. गोपीनाथ, तबला लागला? लागला म्हणतोय. वामनराव, नुसता सूर धरून ठेवा. गाणं नंतर.

आधी प्रश्न.

तराजू अचूक असला म्हणजे न्याय झाला का?

बघा, पुढच्या ओळीत माना डोलल्या! अहो, मी अजून काही सांगितलंच नाही! कीर्तनाला आलं की मान आपोआप डोलते, तशातली ही गत. आतून काही हललं का, ते शेवटी बघू.

आज आख्यान रामाचं नाही. हरिश्चंद्राचं नाही. राजा नाही, राक्षस नाही. राक्षस असता तर बरं झालं असतं, त्याच्याकडे बोट दाखवून घरी जाता आलं असतं. ही गोष्ट आपल्या तालुक्यातली, गेल्या मार्गशीर्षापासूनची. त्यातली माणसं जिवंत आहेत.

जी जगली ती.

एक ओळ म्हणते. ही कोणा संताची नाही, काल मेथी निवडताना सुचली. गोड मानून घ्या —

*तोलणारा तोले, तराजू न बोले,*
*पारड्यात आले, तेच खरे!*

तेच खरे! वामनराव, पुन्हा नको. एकदाच. हे घोळवून म्हणायचं गाणं नाही.

तर ऐका. आपल्या पोस्टातल्या बोडके मास्तरांची थोरली, हर्षदा. तुम्ही तिला सायकलवरून शाळेत जाताना पाहिलंय. शिकली, पुण्याला गेली, इंजिनिअर झाली आणि परत आली! इंजिनिअर होऊन परत येणारी मुलगी! मास्तरांना लोक विचारायचे, "काय हो, तिकडे काही बिनसलं का?" काही बिनसलं नव्हतं. जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीत तिला काम मिळालं होतं. काम कसलं? यंत्राला शहाणं करण्याचं.

आता आपल्या तालुक्यात तान्ह्या बाळांची गाडी आहे, ठाऊक आहे ना? साध्या ॲम्ब्युलन्स तीन. पण काचेची ऊबदार पेटी असलेली, प्राणवायू असलेली, बाळासाठी नर्स असलेली गाडी किती? एक. गाव-पाडे मिळून एकशे चार, आणि गाडी एक! दोन ठिकाणांहून एकदम फोन आला तर गाडीनं कुठे जायचं? पूर्वी काय व्हायचं? ज्याची ओळख त्याची गाडी. खोटं बोलते का मी? पाटलांच्या नातवाला सर्दी झाली तरी गाडी दारात!

म्हणून साहेबांनी ठरवलं, माणूस नको, यंत्र ठरवेल. त्याला म्हणतात अल्गोरिदम. घाबरू नका. अल्गोरिदम म्हणजे पत्रिका जुळवणारे गुरुजी! वर्ण बघ, नाडी बघ, गण बघ आणि छत्तीसपैकी गुण सांग. तसं हे. बाळाचं वजन सांगा, श्वास सांगा, आईचं वय सांगा, गाव सांगा, की यंत्र आकडा देतं. शंभरपैकी. आकडा मोठा तर धोका मोठा. ज्याचा मोठा, त्याच्याकडे गाडी आधी. ओळख नाही, वशिला नाही. आहे की नाही छान?

छत्तीस गुण जुळूनही सासू कशी निघेल ते गुरुजींना कळत नाही, ते सोडा!

हसून घ्या. पुढे हसायला फारसं नाही.

यंत्र शिकलं कशावरून? आठ वर्षांच्या जन्मनोंदीवरून. अकरा हजार बाळं. कुणाचं वजन किती, कोण जगलं, कोण गेलं. मग हर्षदानं परीक्षा घेतली. काही बाळांचा निकाल लपवला आणि यंत्राला विचारलं, सांग बघू! शंभरात शहाण्णव बरोबर!

शहाण्णव! त्या दिवशी मास्तरांनी पोस्टात पेढे वाटले. साहेबांनी, म्हणजे जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कारखानीस यांनी, कचेरीच्या फाटकावर फ्लेक्स लावला, "आमचे यंत्र ९६ टक्के अचूक." हर्षदा रोज त्याखालून आत जायची. वर बघायची नाही, लाजायची. पण जायची त्याच फाटकातून. मागचं फाटक जवळ पडायचं तरी!

तिची एक पद्धत होती. महिन्याच्या शेवटी ती फोनची वीस जुनी बोलणी काढून ऐकायची. कोणी सांगितलं नव्हतं. मास्तरांची मुलगी ना! मास्तर टपालपेटी रिकामी केल्यावर आत हात घालून कोपरा चाचपतात. एखादं पत्र अडकलेलं असतं.

एक पत्र अडकलं होतं.

मार्गशीर्षातलं बोलणं. करवंदपाड्याच्या आशाताईचं. नाव चांगुणा. पाड्यावर फोनला रेंज नाही. अर्धा तास चढून एका खडकावर उभं राहायचं, तिथून बोलायचं. मागे वारा ऐकू येतोय. कचेरीतला माणूस विचारतोय —

"बाळाचं वजन?"

"नाय तोललं."

"का?"

"पाचवी नाय झाली अजून."

"बरं, अंदाजे सांगा."

"हाताला हलकं लागतंय. लई हलकं."

"'हलकं' लिहायला इथे जागा नाही ताई. आकडा पाहिजे."

"आकडा नाय. मग काय लिवता?"

"रिकामं सोडतो."

"रिकामं सोडा, पण गाडी सोडा!"

मंडळी, रिकामी जागा माणूस रिकामी ठेवतो. यंत्र ठेवत नाही! यंत्राला रिकामं चालत नाही. ते काय करतं? त्या भागातल्या सगळ्या बाळांची सरासरी काढतं आणि तिथे भरतं. हे हर्षदानंच शिकवलेलं. पुस्तकात तसंच आहे, सगळे तसंच करतात. करवंदपाड्याची सरासरी दोन किलो चारशे. भरली. आणि यंत्राला आणखी एक ठाऊक होतं. वरच्या पाड्यांची बाळं मरत नाहीत! आठ वर्षांत, नोंदीप्रमाणे, जवळजवळ एकही नाही. चिवट बाळं! आकडा आला बावीस.

त्याच वेळी आपल्या गावातून फोन. बाळाला कावीळ. वजन पावणेतीन किलो. आकडा एकेचाळीस.

गाडी गावात आली.

ते कावीळवालं बाळ तिसऱ्या दिवशी घरी गेलं. आज बाजारात आईच्या कडेवर असतं, चांगलं गुटगुटीत आहे. आणि वरचं? सोमीचं बाळ. सोमी, लहानूची बायको. लहानूनं टोपलीत गोधडी अंथरली, बाळ ठेवलं, टोपली छातीशी धरली आणि उतरायला लागला.

पहिल्या ओढ्यापर्यंत.

गोपीनाथ, वाजवू नकोस.

हर्षदाला वाटलं, म्हणजे यंत्र चुकलं. चार चुकांतली ही एक. तिनं नोंदी उघडल्या. करवंदपाडा, मार्गशीर्ष. जन्म — एकही नाही. मृत्यू — एकही नाही. तिनं पुन्हा बघितलं. बाळ नाहीच! फोन आहे, वारा आहे, चांगुणाचा आवाज आहे. बाळ नाही. आणि बाळ नाही म्हणून चूकही नाही.

ऐकताय ना? बाळ गेलं आणि यंत्राचा एक गुणही कमी झाला नाही! शहाण्णव ते शहाण्णवच!

पेढ्याची चव आठवली तिला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती करवंदपाड्याला निघाली.

मागून कोण बोललं, "अडाणी लोक"? कोण? नाही, उठू नका. तुम्हालाच विचारते. घरात बाळ जन्मलं की पाचवीला काय करता? पाटा पुजता. त्यावर काय ठेवता? कोरा कागद आणि पेन! कशाला? सटवाई येते, कपाळावर लिहिते, म्हणून. अहो, बँकेत नोकरी करणारे तुम्ही! देवीला पेन चांगलं चालावं म्हणून आधी झटकून बघता! तर करवंदपाड्याची माणसं तुमच्याहून एक पाऊल पुढे. ती म्हणतात, सटवाईनं लिहिण्याआधी माणसानं लिहायचं नाही. तोलायचं नाही, मोजायचं नाही, वहीत घालायचं नाही. जे अजून देवीनं लिहिलं नाही ते तू कोण लिहिणारी?

चांगुणा त्याच पाड्याची सून. ती सहाव्या दिवशी तोलायची. सहाव्या दिवशी लिहायची. जन्माचं वजन म्हणून.

आणि जे सहावा दिवस बघत नाही?

हर्षदानं हेच विचारलं. अंगणात बसली होती. चांगुणानं तिला गूळ-पाणी दिलं आणि म्हणाली,

"ते कशापायी लिवू? आलंच नाय ते."

"किती असतील, चांगुणाबाई?"

चांगुणानं बोटांवर मोजायला घेतलं. बाळांना नावं नव्हती म्हणून आयांची नावं घेत गेली. "सोमीचं येक. पारीची दोन. कमळीचं येक, तिचं पावसातलं. धाकल्या सोमीचं येक…" एक हात झाला, दुसरा झाला, पुन्हा पहिला हात. हर्षदानं पिशवीतून वही काढली. चांगुणानं तिचं मनगट धरलं.

"लिवू नगं."

"लिहिलं नाही तर यंत्राला कळत नाही बाई. त्याला वाटतं, इथे सगळं ठीक आहे."

"यंत्र येडं हाय मग."

"यंत्र वेडं नाही. मी त्याला हेच शिकवलं."

चांगुणानं तिचं मनगट सोडलं. मग एकच प्रश्न विचारला. मंडळी, अख्खं आख्यान ह्या प्रश्नावर उभं आहे.

"लिवलं तर गाडी येईल?"

हर्षदा म्हणाली, "येईल."

मोठं बोलून गेली! तिच्या हातात काय होतं? ना गाडी, ना साहेब. पण बोलली. आणि डोंगर उतरताना प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, मागे जाऊन सांगावं, "येईल" नाही, "बघते." नाही गेली.

चार दिवसांनी फोन. खडकावरून. वारा.

"बाई, मूल नाय तोलायचं. ते जमायचं नाय, बाया मला दारात उभी करायच्या नायत. पर गोधडी तोलली तर? सटवाई गोधडीवर काय लिवत नाय!"

"म्हणजे?"

"गोधडी दोनदा तोलायची. येकदा मूल आत असताना. येकदा नसताना. मूल कुठं तोललं? मी गोधडी तोलली!"

वा! टाळ्या नकोत, पण मनात तरी वाजवा! आपल्या शास्त्री-पंडितांना सुचलं नसतं! बायका मान्य झाल्या. गोधडीला कोणाची ना? चांगुणानं काट्याचा हूक छपराला अडकवला. वहीत पहिली ओळ पडली — गोधडी, तीन किलो शंभर. गोधडी, एक किलो दोनशे. ज्याला वजाबाकी येते त्याला बाळ दिसतं. एक किलो नऊशे. पहिल्याच दिवशी.

आता कचेरी.

हर्षदानं यंत्र बदललं. वजन नसेल तर सरासरी नको, धोका धर. वरच्या पाड्यांची बाळं मरत नाहीत, हे शिकलेलं विसर. गाडीला चढायला दोन तास लागतात तेही मोज. मग पुन्हा परीक्षा घेतली. जुन्या नोंदींवर. शंभरात अठ्ठ्याऐंशी.

कारखानीस साहेब म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी? आठ गुण पाण्यात?"

"सर, परीक्षाच चुकीची आहे. उत्तरपत्रिकेत जी बाळं नाहीत, त्यांच्याकडे गाडी पाठवली की ती चूक म्हणून मोजली जाते."

"म्हणजे आठही गुण खोटे?"

इथे हर्षदानं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खोटं बोलली असती तर काम सोपं होतं! पण तिला ठाऊक होतं. काही गुण खोटे, काही खरे. गाडी वर गेली की चार तास खाली नसते. त्या चार तासांत खाली काही घडलं तर? ते खरंच घडेल. कधीतरी, कुणाच्या तरी घरी.

"सगळे खोटे नाहीत, सर. किती खोटे, किती खरे ते आज सांगता येत नाही. एक वर्षाच्या गोधड्या मिळाल्या की सांगता येईल."

"एक वर्षाच्या काय मिळाल्या की?"

समजावून सांगितलं. साहेब वाईट नव्हते हो! त्यांनी चष्मा काढला, पुसला. "एक वर्ष. माघापासून. जबाबदारी तुझी, लेखी दे." फ्लेक्स उतरवून माडीवर ठेवला. फेकला नाही. ठेवला.

आणि गाडी चढायला लागली. सात महिन्यांत बत्तीस गोधड्या तोलल्या. सहा बाळं गाडीनं आणली. पाच जगली. पाच! चांगुणा चालायला लागली की पाड्यातल्या बाया आपणहून पोटावर हात ठेवून सांगायच्या, "माझी गोधडी पुढल्या म्हैन्यात." हर्षदा दर रविवारी वजाबाक्या मांडायची. बापाला म्हणायची, "बाबा, अजून पाच महिने. पाच महिने कोणी हात लावायला नको."

श्रावण आला.

रमाकांत शेटे सगळ्यांना ठाऊक आहेत. बाजारपेठेतली पिठाची गिरणी. तुमच्या-माझ्या घरची पोळी त्यांच्या जात्यातून येते. त्यांना विचारून सांगते आहे हे. घरी गेले होते. ते म्हणाले, "सांगा ताई. पण मला चांगलं करून सांगू नका." म्हणून जसं झालं तसं.

सकाळी दहा वाजता करवंदपाड्याचा फोन. पारीचं बाळ. पारीचं तिसरं, आधीची दोन बोटांवर मोजलेली. गोधडी वजा गोधडी, एक किलो चारशे. आकडा चौऱ्याहत्तर. जुन्या यंत्रानं दिला असता तीसच्या आसपास, आणि तिशीच्या आकड्यावर गाडी घाटात सोडत नाहीत, खालच्या फोनसाठी राखून ठेवतात. गाडी निघाली. दहा वाजून वीस मिनिटांनी शेट्यांचा फोन. निर्मलावहिनी बाळंत झालेल्या, मुलगा, पण रडला नाही नीट. श्वास तुटक. आकडा सहासष्ट.

गाडी घाटात होती.

साधी ॲम्ब्युलन्स आली. तिच्यात पेटी नाही. शेट्यांनी बाळ शर्टाच्या आत घेतलं, उघड्या छातीशी. नाक्याच्या पुढे, पेट्रोल पंपाच्या अलीकडे —

हं.

पारीचं बाळ जगलं.

नाम घ्या मंडळी. मोठ्यानं नको. ओठांत घ्या.

आठव्या दिवशी शेटे जिल्ह्याला गेले. कचेरी शोधली, टेबल शोधलं. बाहीवर पीठ होतं.

"यंत्रवाल्या बाई तुम्हीच?"

"हो. बसा काका."

"बसायला नाही आलो." आणि बसले. "एक विचारतो. हो की नाही, तेवढंच सांगा. जुनं यंत्र असतं तर गाडी माझ्याकडे आली असती?"

साहेबांनी तिला बजावलं होतं, असं कोणी विचारलं तर म्हणायचं, 'सांगता येत नाही.' पण ती ओळखायची हो शेट्यांना! लहानपणी डबा घेऊन गिरणीत उभी राहायची. आणि तिनं तपासलं होतं. त्याच दिवशी. तीनदा.

"हो."

"आणि पोरगा वाचला असता?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"शंभरात सत्तर."

"आणि ते वरचं?"

"ते गेलं असतं. शंभरात नव्वद."

"आता कसं आहे?"

"दोन किलोला आलंय."

शेट्यांनी मान हलवली. जणू कुणी दळणाचा भाव सांगितला. "म्हणजे तुमचं यंत्र बरोबर वागलं."

"हो."

"आणि माझा पोरगा गेला."

"हो."

"हे दोन्ही हो एकाच तोंडातून कसे निघतात हो तुमच्या?"

मंडळी, मी तीस वर्षं कीर्तन करते. असा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. हर्षदानं खुर्ची पुढे ओढली. ती म्हणाली, "काका, गाडी दुसरी मागायला हवी. तुम्ही मागितलीत तर —"

"दुसरी गाडी चार वर्षांनी येईल. अर्ज मी लिहितोय, पण गाडीसाठी नाही. जुनं यंत्र परत आणण्यासाठी."

"काका, पाच महिने थांबा. फक्त पाच —"

"मला कळतंय तू काय म्हणतेस. न कळण्याइतका मूर्ख नाही मी. पण कळलं म्हणून सुटत नाही बाळ. माझ्या घरी पुन्हा पाळणा हलेल, नाही हलेल, देव जाणे. हलला तर यंत्र माझ्या बाजूचं पाहिजे."

बाळ म्हणाले तिला. तिलाच.

अर्ज निघाला. मजकूर सांगते, पाठ आहे मला. "आमच्या तालुक्यातील बाळे प्रयोगासाठी नाहीत. नव्या यंत्रामुळे एक निष्पाप जीव गेला आहे. तरी पूर्वीचे ९६ टक्के अचूक यंत्र त्वरित पुन्हा सुरू करावे." चूक काय आहे ह्यात? एक शब्द खोटा आहे का? अर्ज व्यापारी मंडळात गेला, बचत गटात गेला, तालमीत गेला, शाळेत गेला. चारशे बारा सह्या झाल्या.

साहेबांनी हर्षदाला बोलावलं. कागद पुढे होता.

"तुझं बरोबर आहे, मला मान्य आहे. पण चारशे बारा आहेत. वरच्या पाड्यांच्या किती आहेत सह्या?"

"त्यांना अर्ज कोणी दाखवलाच नाही, सर."

"तेच म्हणतोय मी."

"मी माझ्या हातानं नाही बदलणार."

"नको बदलूस."

शेजारच्या टेबलावर कौस्तुभ बसतो. चांगला मुलगा, तिचा डबाही खायचा. म्हणाला, "हर्षदा, तू खाली जाऊन चहा घेऊन ये." ती गेली. चहा घेतला नाही, नुसती कठड्याशी उभी राहिली. परत आली तेव्हा झालं होतं. जुनी फाइल होती, ती पुन्हा चढवली. दहा मिनिटं! सात महिन्यांची बत्तीस बाळं, आणि दहा मिनिटं! माडीवरून फ्लेक्स आला, ओल्या फडक्यानं पुसला, लावला. त्या दिवशी हर्षदा मागच्या फाटकानं घरी गेली.

फोनवर सांगता आलं असतं. ती वर गेली. चांगुणा सुपात नाचणी पाखडत होती. सगळं ऐकून घेतलं. पाखडणं थांबलं नाही.

"मंग आता गोधडी पांघरायलाच."

विनोद होता तो. हसलं कोणी नाही.

"चांगुणाबाई, तुम्ही तोलत राहा. लिहीत राहा. कधीतरी —"

सूप खाली ठेवलं. "बाई, ह्या बायांना कोण बोललं होतं, लिवलं तर गाडी येईल? तू? तू मला बोललीस. त्यांना मी बोलले. माझ्या तोंडानं. देवीच्या आधी मी लिवलं, त्यांनी लिवू दिलं." आत गेली. हूकासकट काटा आणला आणि हर्षदाच्या मांडीवर ठेवला. "हा ने. हितं असला तर बाया माझ्याकडं बघतात."

काटा चार किलोचाही नव्हता. पण उतरताना तिला दोनदा बसावं लागलं.

आश्विनात करवंदपाड्याला एक बाळ झालं. वजन? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. गोधडी तोलली नाही. चांगुणा खडकावर चढली, फोन केला. रिकामी जागा यंत्रानं भरली. आकडा चोवीस. पुढचं मी सांगणार नाही, कारण नोंदींत काही नाहीच. यंत्र चुकलं नाही. शहाण्णव ते शहाण्णव.

तर प्रश्न काय होता? तराजू अचूक असला म्हणजे न्याय झाला का? आता माना डोलवा बघू! नाही डोलत!

मी तुम्हाला गोड सांगणार नाही की न्याय करा, सगळं छान होईल. न्यायाला किंमत लागते. ती शेट्यांनी दिली, एका सकाळी, उघड्या छातीवर. त्यांच्याकडे बोट दाखवायची माझी छाती नाही. पण त्या दिवसापर्यंत ती किंमत कोण देत होतं? किती वर्षं? आणि आपण म्हणत होतो, चिवट आहेत बाळं! यंत्राला वाईट म्हणू नका. त्यानं आपली वही वाचली. आपण जेवढं लिहिलं तेवढंच त्याला दिसलं, आणि त्या तेवढ्याला आपण जग म्हटलं, वर त्याचा फ्लेक्स लावला. एका गाडीसाठी दोन बाळं एकमेकांसमोर उभी राहिली. कोणत्या बाळाला गाडी, यावर आपण भांडलो. गाडी एकच का, हे चारशे बारांतल्या एकानंही लिहिलं नाही.

एकीनंही नाही.

अर्ज ह्या देवळाच्या समितीत आला तेव्हा मी होते. चहा चालला होता. चष्मा घरी राहिला होता माझा. कोणीतरी म्हणालं, "ताई, बाळांसाठी आहे." बाळांसाठी म्हटल्यावर कोण वाचतं? पेन पुढे आलं. क्रमांक सदतीस. नाव सुवाच्य लिहिलंय मी, बघून आले परवा. दोन मुलं झाली मला. दोघांच्या पाचवीला कोरा कागद मी माझ्या हातानं ठेवलाय. आणि कुणाच्या तरी कोऱ्या कागदावर मी न वाचता सही करून मोकळी!

उद्या अकरा वाजता जिल्ह्याच्या कचेरीत जाते आहे. सदतीस खोडायला. आणि खाली एक ओळ घालायला, दुसरी गाडी द्या, आणि ती येईपर्यंत नवं यंत्र ठेवा. साहेब नीट वागतील, खुर्ची देतील. खोडूही देतील. चारशे बारांतून एक गेला की उरतात चारशे अकरा. चारशे अकरांनी काही बदलत नाही. साहेब मोजून दाखवतील, आणि त्यांची मोजणी बरोबर असेल.

शेटे येतो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. बाजारात भेटले, दळण कधी आणता विचारलं.

हर्षदा स्टँडवर येणार आहे.

वामनराव, मिटा पेटी. आरती आज तुम्ही सगळे म्हणा, मी नसले तरी चालेल. माझी एस.टी. उद्या सकाळी साडेसातची आहे. त्या गाडीला गर्दी नसते.